तिजोरीची दुसरी किल्ली

शिरपूरच्या तहसील कचेरीच्या आवारात तासभर उभं राहिलं, तरी शेतरस्त्याची दहा भांडणं कानावर पडतात. कुणी वहिवाटीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, कुणी बांध कोरत कोरत गाडीवाटेची पायवाट केली, कुणी वरून येणारं पावसाचं पाणी मुरूम टाकून शेजाऱ्याच्या कपाशीत वळवलं. अर्ज लिहिणारा हात सवयीनं मथळा घालतो: मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. वाट अडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, मग तहसीलदार ऐकणार, जागा पाहणार, एवढं अर्जदाराला ठाऊक असतं. क्वचित एखाद्याची नजर त्या सालावर अडते आणि तो विचारतो, "एकोणीसशे सहा? हाऊ कायदा कोनी कया?"

प्रश्न साधा दिसतो, पण खोल आहे. १९०६ साली शिरपुरात कुणीही आमदार निवडून दिला नव्हता, कारण आमदार नावाची गोष्टच नव्हती. त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले आणि शिरपूर पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याकडे गेलं. तेही कुणाला विचारून झालं नव्हतं. तरीही हा कायदा एका सभेत वाचला गेला होता, त्यावर भाषणं झाली होती आणि तो रीतसर मंजूरही झाला होता. ती सभा कोणती? तिथे कोण बसायचं? आणि आपल्या साऱ्याच्या पैशातून होणाऱ्या खर्चावर त्यांचा काही अधिकार होता का? या प्रकरणात एवढंच पाहायचं आहे. वाटेत एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ द्यायची नाही. सभेत कुणाला बोलता येतं यापेक्षा कुणाला 'नाही' म्हणता येतं, आणि ते 'नाही' टिकतं का, हे महत्त्वाचं.

१. सभेआधीचा काळ

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं सरकारला काही सांगायचं तर दोनच वाटा होत्या: अर्ज करा, नाहीतर जमाव जमवा. १८५२ साली लोकांनी दुसरी वाट धरली. नव्या जमीनमोजणीमुळे सारा वाढणार अशी धास्ती होती. एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत माणसं जमली आणि मोजणी बंद करा म्हणाली. सरकारनं उत्तरादाखल फौज पाठवली. मोजणी झाली, साराही बसला.

खानदेशी माणसाला सभा आणि हिशेब नवे होते असं मात्र नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीनं पाणी वाटलं जात होतं. बंधाऱ्याची दुरुस्ती, पाटकऱ्याचा मेहनताना, यंदा कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात ज्वारी, हे सगळं शेतकरीच पंचांसमोर ठरवत. नियमही त्यांचे, खर्चही त्यांचा. त्यामुळे लोकांना कारभाराची अक्कल यावी म्हणून सरकारनं हळूहळू अधिकार दिले, हे जे पुस्तकांतून सांगितलं जातं ते मला कधी पटलेलं नाही.

२. १८६१: बसा, पण फक्त विधेयकापुरतं

१८५७ नंतर लंडनच्या पार्लमेंटला वाटलं की कायदे करताना इथली चार माणसं जवळ असलेली बरी. १८६१च्या कायद्यानं मुंबईच्या गव्हर्नराच्या कार्यकारी कौन्सिलात कायदे करण्यापुरते ४ ते ८ जादा सभासद घ्यायचे ठरलं. त्यांतले निदान निम्मे बिनसरकारी हवेत, पण नेमणार गव्हर्नरच. २२ जानेवारी १८६२ रोजी हे कायदेकौन्सिल पहिल्यांदा भरलं. सुरुवातीच्या हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. अध्यक्ष गव्हर्नर. विधेयक मांडणार सरकार, मतं मोजणार सरकार आणि मंजुरीची पहिली सहीही गव्हर्नराचीच.

सभेपुढे विधेयक असेल तेवढ्यावरच बोलायचं. प्रश्न विचारायचा नाही. खर्चाचा तर विषयच काढायचा नाही. वडिलांनी मोठ्या मुलाला ओसरीवर बोलवावं, घरात वागायचे नियम वाचून दाखवावेत आणि "काही शब्द बदलायचा असेल तर सांग" म्हणावं, पण कमरेच्या किल्लीकडे त्यानं पाहिलेलंही खपू नये, असा तो मामला. फरक एकच. इथे तिजोरीतला पैसा पोरांनीच कमावलेला होता.

तरी या छोट्या सभेनं केलेले कायदे शिरपूरच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचले. १८७८चा मुंबई अबकारी कायदा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाची फुलं वेचून घरच्या घरी दारू काढणं ही भिल्ल-पावरांची रीत होती. या कायद्यानं परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा ठरलं आणि दारू ही सरकारच्या उत्पन्नाची बाब झाली. त्या सभेत सरदार होते, व्यापारी होते, वकील होते. मोहाच्या झाडाखाली पहाटे टोपली घेऊन गेलेलं कुणी नव्हतं. पाठोपाठ १८७९ मध्ये मुंबई जमीन महसूल कायदा झाला. सारा, खाते, जप्ती, लिलाव या सगळ्याची चौकट त्यानं घातली. महाराष्ट्राचा स्वतःचा जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये येईपर्यंत ती चौकट चालली.

३. १८९२: हिशेबाची वही पाहा, हात लावू नका

काँग्रेस १८८५ मध्ये स्थापन झाली आणि कौन्सिलं वाढवा ही तिची जुनी मागणी राहिली. १८९२ मध्ये तीन गोष्टी बदलल्या. मुंबईत जादा सभासदांची मर्यादा २० झाली. सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले. आणि वर्षाचं अंदाजपत्रक सभेपुढे येऊन त्यावर भाषण करता येऊ लागलं.

भाषण, मत नव्हे. वडिलांनी वही उघडून दाखवली, "इथे जास्त खर्च झाला का हो?" असं विचारू दिलं आणि उत्तर देऊन वही मिटली, एवढीच ती प्रगती. तरीही वही उघडणं ही साधी गोष्ट नव्हती. आकडा एकदा छापला गेला की तो 'केसरी'त येतो आणि चावडीवर वाचला जातो.

निवडणूकही आली, पण बुरखा घालून. कायद्यात 'निवडणूक' हा शब्दच नव्हता. मुंबई महापालिका, विद्यापीठ, व्यापाऱ्यांची चेंबर, दख्खनचे सरदार, स्थानिक मंडळं यांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरानं ते नेमायचं. इलाख्याच्या मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक यांबरोबर आपला खानदेशही होता. या विभागाच्या स्थानिक मंडळांच्या जागेवर १८९५ मध्ये बाळ गंगाधर टिळक आले आणि १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले. म्हणजे खानदेशच्या लोकल बोर्डातल्या मूठभर पाटील-वकिलांचं मत धरून, कागदोपत्री का होईना, टिळक आणि गोखले दोघंही शिरपूरचे प्रतिनिधी होते. दोघांचं आपसात जुळत नव्हतं, पण खानदेशच्या वाट्याला दोघेही आले.

४. पुण्यातला ऑगस्ट १९०१

आता जरा थांबून एक प्रसंग नीट पाहू, कारण त्याचा डाग आजही सातबाऱ्यावर आहे.

१८९६ पासून दख्खन आणि खानदेशवर दुष्काळाच्या फेऱ्या आल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ सर्वांत भयंकर. सारा थकला. जमीन महसूल कायद्याप्रमाणे सारा थकला की जमीन सरकारजमा करता येत होती. तशी जमीन सरकारच्या हाती येऊ लागली, तेव्हा सरकारनं सुधारणा विधेयक आणलं: सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देऊ, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. सरकारचं म्हणणं होतं की यामुळे जमीन सावकाराच्या घशात जाणार नाही.

ऐकायला हे बरं वाटतं. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांना त्यात वेगळाच धोका दिसला. आज शेतकरी जमिनीचा धनी आहे, ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क त्याचा आहे. हा हक्क काढला की तो सरकारचा कूळ होतो. सावकारापासून वाचवायचं म्हणून त्याला सरकारच्या दावणीला बांधायचं का? शिवाय ज्याला जमीन गहाण टाकता येत नाही त्याला बी-बियाण्यासाठी कर्ज कोण देणार? पाऊस पडला नाही आणि सारा मात्र माफ झाला नाही, या मूळ दुखण्याचं काय? एवढा मोठा बदल घाईनं करू नका, लोकांचं म्हणणं घ्या, अशी त्यांची मागणी होती.

पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे, म्हणून बैठक पुण्यात भरली होती. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट अध्यक्षस्थानी होते. विधेयक पुढे ढकलावं ही मेहतांची सूचना मताला टाकली गेली. सरकारी सभासदांचे हात कुठे जाणार हे आधीच ठरलेलं होतं. सूचना पडली. त्यावर मेहता उठले आणि सभागृहाबाहेर गेले. पाठोपाठ गोखले आणि आणखी काही बिनसरकारी सभासद निघाले. आपल्याला आज सभात्यागाची इतकी सवय झाली आहे की बातमीतही कुणी तो शब्द वाचत नाही. त्या काळी गव्हर्नरासमोरून उठून जाणं हा उघड अपमान होता. इंग्रजी वर्तमानपत्रं चवताळली. गोखल्यांसारखा तोलून बोलणारा माणूस त्यात होता, याचंच अनेकांना नवल वाटलं.

सभागृहात उरलेल्यांनी विधेयक मंजूर केलं.

त्या कायद्यातून जी जमिनीची नवी धारणा आली तिला महसुली भाषेत 'नवी शर्त' म्हणू लागले. 'नवीन अविभाज्य शर्त' हे शब्द आजही जुन्या फेरफारात सापडतात. विक्रीवर बंधन असलेली भोगवटादार वर्ग-२ ची जमीन कुठल्याही तलाठ्याला विचारा, तो तुम्हाला परवानगीची पायरी न् पायरी सांगेल. शर्त कधी गरिबाची जमीन वाचवते, कधी गरजेच्या वेळी त्याचेच हात बांधते. मेहता-गोखल्यांचा वाद १९०१ मध्ये सुटला नाही आणि आताही सुटलेला नाही.

५. विधेयकाचा प्रवास

कायदा होण्याआधी त्या मसुद्याला विधेयक म्हणतात. ते तीन वेळा वाचलं जातं. पहिल्या वाचनात हेतू सांगायचा. मग निवडक सभासदांची समिती ते घासूनपुसून आणते. दुसऱ्या वाचनात कलमागून कलम, शब्दागून शब्द. तिसऱ्यात संपूर्ण विधेयकावर हो किंवा नाही. लग्न ठरवताना आधी स्थळ, मग देणंघेणं, मग याद्या, तसंच. आपल्या १९०६च्या मामलेदार कायद्यालाही याच वाटेनं जावं लागलं.

सभेनं हो म्हटलं तरी काम संपत नव्हतं. गव्हर्नराची संमती, मग व्हाइसरॉयची संमती, मग राजपत्र, आणि इतकं होऊनही लंडनहून राजाच्या नावानं कायदा रद्द करता येत होता. चार दारं, आणि प्रत्येकाची कडी पलीकडून लावलेली.

बिनसरकारी सभासदाचं विधेयक यातून पार होणं म्हणजे नवलच. गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. तिथे सरकारी सभासदांचं बहुमत होतं, त्यामुळे भाषण कितीही चांगलं असलं तरी बेरीज बदलत नव्हती. तेच काम सहा वर्षांनी मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी आटोपशीर करून केलं. सगळा इलाखा नको, मुंबई शहर नको, जिल्ह्यांतल्या नगरपालिकांना वाटलं तर त्यांनी सक्ती करावी, एवढंच. १९१८ मध्ये तो कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा हा पहिला कायदा. त्याचा लाभ घेऊन सक्ती लागू करणाऱ्या नगरपालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. त्यांत सुरत, वांद्रे, सातारा यांच्या पंक्तीला धुळे होतं. खानदेशाला मागास म्हणायची ज्यांना हौस आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

६. १९१९: कपाटाचे तीन कप्पे

पहिल्या महायुद्धानंतर मोठा बदल आला. १९१९च्या कायद्यानं प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. द्विदल म्हणजे डाळीसारखे दोन भाग. काही खाती 'सोपीव', म्हणजे सभेला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे: शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी. बाकीची 'राखीव', म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी सभासदांकडे: पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे आणि खुद्द अर्थखातं. पहिल्या मंत्र्यांत शिक्षणखातं रँग्लर र. पु. परांजप्यांकडे आलं.

कौन्सिल आता खूप मोठं झालं. त्यात ८६ सभासद निवडून आलेले होते. गव्हर्नर अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठला आणि तिथे सर नारायण चंदावरकर बसले. २३ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी उद्‌घाटन केलं. मतदार मात्र थोडे. ग्रामीण भागात साधारणपणे ज्याच्या जमिनीचा सारा वर्षाला निदान ३२ रुपये असेल त्यालाच मत. शिरपूर तालुक्यातला बारका कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, पावरा यांना त्या यादीत जागा नव्हती.

खर्चाला मात्र पहिल्यांदाच मत आलं. ते कसं चालायचं हे समजायला घरातल्या कपाटाचे तीन कप्पे डोळ्यांपुढे आणा.

वरचा कप्पा कायम कुलूपबंद. कर्जावरचं व्याज, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचे पगार, लंडनहून नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार, आणि मध्यवर्ती सरकारला द्यायची वर्गणी. ही वर्गणी मुंबईला सुरुवातीला वर्षाला ५६ लाख रुपये होती. या कप्प्यावर मतदानच नाही.

मधला कप्पा राखीव खात्यांचा. यावर सभा मत देते, पण दुसरी किल्ली गव्हर्नराकडे.

खालचा कप्पा सोपीव खात्यांचा. इथलं मत साधारणपणे टिकतं.

आता आकडे घालून पाहू. आकडे कल्पित आहेत. समजा, पोलीस खात्यासाठी १०० रुपयांची मागणी आली. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक खात्याच्या रकमेला 'मागणी' म्हणतात, कारण सरकार ती सभेकडे मागतं. एका सभासदानं सुचवलं, २० रुपये कापा. मतदान झालं, ५० विरुद्ध ४० नं सूचना मंजूर झाली. पोलिसांना ८० मिळाले का? नाही. 'माझी जबाबदारी पार पाडायला ही रक्कम आवश्यक आहे' असं गव्हर्नरानं प्रमाणित केलं की कापलेले २० परत जागेवर येतात. आता दवाखान्यांसाठी १०० रुपयांची मागणी घ्या. तिथे २० कापले, तर ८०च राहतात. प्रमाणपत्राचा अधिकार सोपीव खात्याला लागू नाही. अर्थात निकडीच्या प्रसंगी कोणत्याही खात्याचं काम चालू ठेवण्यासाठी खर्च मंजूर करायची वेगळी तरतूद होतीच. किल्ली एकच नव्हती, तिचा जुडगा होता.

याचा उलटा परिणाम बघा. सभेनं रागावून कपात केली, तर पोलिसांच्या खात्याला धक्का लागत नाही, तो लागतो शाळेला आणि दवाखान्याला. सभासदाच्या हातात शस्त्र दिलं, पण त्याचं पातं स्वतःकडे वळवून.

आणखी एक गंमत. शिक्षण आणि अबकारी दोन्ही मंत्र्यांकडे. दारूबंदी करा म्हणून लोकांचा आग्रह, तर शाळा काढायला लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग दारूच्या उत्पन्नातून. मोहाच्या दारूवर कर बसवून त्यातून पाड्यावर शाळा काढायची, असं हे कोडं मंत्र्यांच्या गळ्यात बांधून सरकार मोकळं झालं होतं.

७. एक रुपया का कापायचा?

विधानसभेच्या बातम्यांत 'एक रुपयाची कपात सूचना' असं वाचलं की अनेकांना हसू येतं. कोट्यवधींतून एक रुपया?

याचं उत्तर १९१९च्या नियमांत आहे. गव्हर्नराच्या शिफारशीशिवाय कोणताही खर्च सुचवता येत नव्हता. म्हणजे पश्चिम खानदेशच्या सभासदाला 'आग्रा रोडवर सावळद्याला तापीवर पूल बांधायला अमुक रुपये द्या' अशी मागणी घालता येत नव्हती. त्याला फक्त तीन गोष्टी करता येत: मागणी मान्य करणं, नाकारणं, किंवा कमी करणं. वाढवणं नाही. मग बोलायचं तर कमी करायच्या निमित्तानं. बांधकाम खात्याच्या मागणीतून रुपया-दोन रुपये कापा म्हणायचं आणि त्या आधारावर अर्धा तास पावसाळ्यातल्या नावेचे हाल सांगायचे. बिल भरायला गेलेल्या माणसानं खिडकीवरच मीटरची तक्रार काढावी, तसं.

मतदानाला दिवस ठरलेले असत. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकामागून एक मताला टाकत. बहुतेक कोटी याच शेवटच्या घटकेला मंजूर होत. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं कितीतरी गोष्टी पालटल्या, तरी अनुच्छेद २०३ वाचताना जुनी चौकट ओळखू येते: मागण्या, कपात, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी नाही, आणि मतदानाविना जाणारा 'भारित' खर्च. शिफारस आता निवडून आलेलं मंत्रिमंडळ ठरवतं. किल्ली कुणाच्या कमरेला आहे, फरक तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

या पैशाच्या चर्चेत सर्वांत धारदार प्रश्न विचारला तो नामनियुक्त सभासदानं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये कौन्सिलात आले आणि त्याच फेब्रुवारीत अंदाजपत्रकावर बोलले. प्राप्तिकर २,००० रुपयांच्या आतल्या उत्पन्नावर लागत नाही. मग एक एकरवाल्या शेतकऱ्याला साऱ्यातून सूट का नाही? पीक बुडालं तरी सारा का? खर्च किती मंजूर करायचा यावर इतर बोलत होते. पैसा कुणाच्या खिशातून येतो, हे त्यांनी विचारलं.

८. ठराव म्हणजे कायदा नव्हे

ही गल्लत फार होते. कायदा पाळावाच लागतो. ठराव म्हणजे सभेनं सरकारला केलेली शिफारस.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलानं मंजूर केला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारनं तो मानला आणि खात्यांना कळवलं. पण गावागावांत, नगरपालिकांच्या हद्दीत तो कागदावरच राहिला. तेव्हा १९२६च्या ऑगस्टमध्ये बोले पुन्हा उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे मानणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करा, असा नवा ठराव त्यांनी आणला. तीन वर्षांत त्यांना कळलं होतं की नुसत्या शब्दाला वजन नाही, वजन पैशाला आहे. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं आधीच जाहीर केलं होतं, तरी कुणाला पाणी पिता येत नव्हतं. २० मार्च १९२७ला आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले, ते कौन्सिलात चार वर्षांपूर्वीच मंजूर झालेलं पाणी प्यायला.

९. चिमठाण्याची मोटार

१९३५च्या कायद्यानं द्विदल पद्धत प्रांतांतून गेली. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते आपल्या फैजपूरला, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. शेतसारा आणि कर्जमुक्ती हेच तिथले विषय होते. पुढच्याच वर्षी निवडणुका झाल्या. मुंबईत आता १७५ जणांची विधानसभा होती आणि बाळासाहेब खेर मुख्य मंत्री झाले. १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी आली आणि बुडालेलं उत्पन्न भरून काढायला अण्णासाहेब लठ्ठ्यांच्या अर्थखात्यानं शहरातल्या स्थावर मिळकतीवर कर बसवला. दारूचं कोडं सोडवायचा हा पहिला धाडसी प्रयत्न.

त्यानंतर मंत्रिमंडळ जेमतेम तीन महिने टिकलं. महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढलं म्हणून नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. १९३५च्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरानं सगळा कारभार हाती घेतला. विधानसभा भरेना. अंदाजपत्रक गव्हर्नराच्या सहीनं मंजूर होऊ लागलं. १९४६ च्या निवडणुकीपर्यंत हेच चाललं.

त्या मधल्या काळातली एक गोष्ट शिंदखेडा तालुक्यात अजून सांगतात. १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना घेऊन मोटार निघाली होती. चिमठाण्याजवळ साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सोबती दबा धरून बसले होते. त्यांनी मोटार थांबवली आणि सुमारे साडेपाच लाख रुपये घेऊन ते निसटले. सरकारच्या भाषेत हा दरोडा होता. आर्थिक वर्षाचा तो चौदावा दिवस होता, आणि त्या वर्षाच्या खर्चाची एकही मागणी मुंबईत कुणी मताला टाकलेली नव्हती.